शिंगाच्या मुठीची सुरी

जुनी जर्मन सुरी हातात आली की माणूस आधी तिच्यावरचं नाव शोधतो. पातं उजेडाकडे तिरकं धरतो, मुठीलगतच्या सपाट भागावर अंगठा फिरवतो, भिंग मागवतो. ‘झोलिंगन’ या सुऱ्यांसाठी नावाजलेल्या जर्मन गावाची अक्षरं दिसली की चेहरा खुलतो आणि सुरी ओळखली, असं समजून ती खाली ठेवली जाते. मला विचाराल तर ओळख अजून सुरूच झालेली नसते. अशा सुरीवरचं नाव सगळ्यात शेवटी वाचावं. आपण वाचावं म्हणून कुणीतरी मुद्दाम लिहिलेला तेवढाच एक मजकूर तिच्यावर असतो. मूठ कशाची, पातं कुठे झिजलं, म्यान कशात अडकवायचं, या गोष्टी मात्र वाचक डोळ्यांपुढे ठेवून कुणी केलेल्या नाहीत. म्हणून सुरुवात तिथून करू.

सुरी कोणती, ते सांगतो. बव्हेरियात आणि आल्प्सच्या पायथ्याच्या खेड्यांत शिकारी जी आखूड, न मिटणारी सुरी बाळगतात तिला निकर म्हणतात. पातं दहा-बारा सेंटिमीटरचं, एका बाजूने धारेचं, टोकाकडे निमुळतं होत गेलेलं. मूठ हरणाच्या शिंगाची, तिच्या शेवटाला बहुधा धातूची टोपी. म्यान चामड्याचं, तोंडाशी आणि टोकाशी धातूचे पत्रे मढवलेलं. तिथल्या चामडी विजारीला, लेडरहोजेला, मांडीवर एक अरुंद उभा खिसा असतो तो हिच्यासाठीच; म्यानासकट सुरी त्यात सरकवायची आणि शिंगाची मूठ तेवढी वर दिसू द्यायची. पहिल्या महायुद्धात अशा कितीतरी सुऱ्या शिपायांच्या बरोबर खंदकांत गेल्या. जुन्या वस्तूंच्या बाजारात म्हणूनच तिची ओळख ‘शिपायाची शिकारी सुरी’ अशी करून देतात. या तीन शब्दांत दोन दावे आहेत. ती शिकाऱ्याची होती हा एक, आणि ती शिपायाने बाळगली हा दुसरा. पहिला दावा सुरी स्वतः सिद्ध करते. दुसरा सिद्ध करताना भल्याभल्यांची पंचाईत होते.

मूठ आधी घेऊ. हरणाचं शिंग दर वर्षी उगवतं आणि दर वर्षी गळून पडतं. गाई-म्हशींच्या पोकळ शिंगासारखं ते नसतं, ते भरीव हाड असतं. बाहेरून तपकिरी, खडबडीत, लांबट पन्हळींचं. आत सच्छिद्र गाभा. मुठीच्या टोकाला टोपी नसेल तर हा गाभा उघडा दिसतो आणि प्रश्न मिटतो. टोपी असेल तर दोन्ही बाजू शेजारीशेजारी पाहाव्यात. खऱ्या शिंगाच्या दोन बाजूंच्या पन्हळी कधीच जुळत नाहीत. साच्यात ओतलेल्या नकली मुठीवर त्या संशयास्पद रीतीने जुळतात, शिवाय कडेने साच्याची बारीक रेघ सापडते. नुसतं हाड कोरून शिंगासारखं केलेलं असेल तर भिंगाखाली सुईने टोचल्यासारखे काळे ठिपके आणि तुटक रेषा दिसतात. जिवंतपणी त्यातून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. आणि हाताळणी? वर्षानुवर्षं वापरलेल्या मुठीचे उंचवटे हस्तिदंतासारखे फिकट होतात आणि तपकिरी रंग फक्त खोलगट जागी उरतो. हा रंगाचा उतार नकली मुठीवर घासून आणता येतो, पण घासणारा सगळीकडे सारखंच घासतो. माणसाचा तळवा तसं करत नाही. जिथे अंगठा टेकतो तिथे जास्त झीज, करंगळीखाली जवळजवळ नाहीच. मुठीवरून मालक उजवखुरा होता की डावखुरा, याचाही अंदाज बांधता येतो.

आणखी एक खूण मला फार आवडते. शंभर वर्षांत शिंग किंचित आकसतं, धातू आकसत नाही. त्यामुळे शिंग आणि धातूची पट्टी जिथे भेटतात तिथे नखाला लागेल इतकी पायरी तयार होते. जिथे सगळं गुळगुळीत, एकजीव लागतं, तिथे मला आधी शंका येते.

मुठीपाशी मराठी वाचकाने थांबावं असं एक कारण आहे. युरोपातल्या तांबड्या हरणाच्या शिंगात गाभा मोठा असतो. आपल्या सांबराचं शिंग त्याहून घट्ट, गाभा कमी, म्हणून मुठीसाठी जास्त टिकाऊ. इंग्लंडमधल्या शेफिल्डचे आणि झोलिंगनचे सुरीवाले भारतातून सांबराची शिंगं मागवत, आणि हा व्यापार फार वर्षं चालला. पुढे वन्यजीव संरक्षणाचे कायदे आले, निर्यात बंद झाली, आणि तिकडच्या सुऱ्यांच्या मुठी बदलल्या. तेव्हा जर्मन शिकाऱ्याच्या हातातल्या सुरीला सातपुड्याकडचं शिंग असणं अशक्य नाही. शिंगाची मूठ दिसली की ‘आमच्या जंगलातलं हरीण’ म्हणून अभिमानाने सांगणारा जर्मन विक्रेता भेटला तर हे त्याला जरूर ऐकवावं.

आता पातं. इतकं आखूड आणि इतकं टोकदार का? जाड सालीचं लाकूड तोडायला ते कामाचं नाही, मोठं जनावर सोलायलाही फारसं सोयीचं नाही. त्याचं मूळ काम एका क्षणाचं होतं. छोटं हरीण गोळी लागूनही जिवंत पडलेलं असलं, तर शिकारी मागून जाऊन कवटी आणि मानेचा पहिला मणका यांच्या मधल्या फटीत टोक घालत असे. मज्जारज्जू तुटला की जनावर जागच्या जागी शांत. हात चुकला तर मात्र हाल. म्हणून आजचे शिकारी ही रीत टाळतात. ज्या सुरीचा सगळा आकार एका दयाळू घावाभोवती बेतलेला आहे, ती नंतर पोट फाडायला, आतडी काढायला आणि दुपारी त्याच हाताने पाव आणि खारवलेलं मांस कापायलाही चालत असे. एरवी मात्र जर्मन शिकाऱ्यांच्या जगात शिस्त आणि सोहळा यांचा मोठा पसारा. शिकाऊ उमेदवाराची उमेदवारी संपली की त्याला एक थप्पड देऊन कमरेला शस्त्र बांधत. ती थप्पड त्याने आयुष्यात निमूट सोसायची शेवटची, असा भाव. शिकारीची खास बोली बोलताना कुणी चुकला तर त्याला मारलेल्या हरणावर पालथं घालून रुंद शिकारी पात्याच्या सपाट बाजूने पार्श्वभागावर तीन फटके. इतक्या कडक व्याकरणशिक्षकांची कल्पना करून मला हसू येतं.

त्या उमेदवाराच्या कमरेला बांधायचं शस्त्र म्हणजे निकर नव्हे, ते हिर्शफेंगर: लांब, सरळ, तलवारीच्या धाकट्या भावासारखं. घायाळ हरणाला किंवा रानडुकराला त्याने संपवायचं. बाजारात या दोहोंची सर्रास गल्लत होते, आणि ती गल्लत सोडवताना सैन्याचा इतिहास मध्ये येतो. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने 1740 च्या दशकात वनरक्षक, शिकारी आणि त्यांची मुलं गोळा करून येगर तुकडी उभी केली. हे लोक रान वाचणारे, नेमबाज, स्वतःच्या बुद्धीने वागणारे. गणवेश हिरवा. सरळ रांगेत उभं राहून एकदम गोळ्या झाडणाऱ्या पायदळात ते वेगळे उठून दिसत, आणि त्यांच्या कमरेला हिर्शफेंगर असे. पुढे एकोणिसाव्या शतकात त्याच हिर्शफेंगरला रायफलच्या नळीवर बसवायची सोय केली गेली. म्हणजे शिकाऱ्याचं लांब पातं सरकारी शस्त्र झालं. त्यावर सरकारी ठसे येतात, पलटणीचे आकडे येतात, त्याची ओळख कागदावरून पटवता येते. निकरला हा मान कधी मिळाला नाही. तो खिशातच राहिला. शिपायाजवळ निकर सापडला तर तो त्याने घरून आणला होता, दुकानातून घेतला होता किंवा कुणी पाठवला होता. सरकारी वहीत त्याची नोंद नाही, आणि नोंद नसलेल्या वस्तूबद्दल लोक वाटेल ते सांगू शकतात.

तो घरून का आणला, याचं उत्तर पश्चिम आघाडीच्या मातीत आहे. 1914 च्या शरद ऋतूत सैन्यं जमिनीत शिरली. जर्मन पायदळाच्या रायफलची लांबी सव्वा मीटर, आणि जुन्या धाटणीच्या संगिनीचं पातं अर्ध्या मीटरहून थोडं जास्त. दोन्ही जोडली की पावणेदोन मीटर. एवढं लांब हत्यार घेऊन वळणावळणाच्या, खांदे घासतील अशा खंदकात रात्रीच्या छाप्यात वळायचं कसं? शिपायांनी आपापली उत्तरं शोधली: फावड्याच्या कडा घासून धारदार केल्या, जुन्या संगिनी कापून आखूड केल्या, दांडक्यांना खिळे ठोकले. ज्यांच्या घरी मांडीच्या खिशात आयतीच सुरी होती त्यांना वेगळं काही करावं लागलं नाही. बव्हेरियन तुकड्यांत, आणि 1915 च्या मे महिन्यात डोंगरी लढाईसाठी उभारलेल्या आल्पेनकोरमध्ये, अशा घरांतले तरुण पुष्कळ होते.

युद्ध लांबलं तशी कारखान्यांनी यातली गरज ओळखली आणि खंदकातल्या झटापटीसाठी वेगळी सुरी काढली. पातं साधारण पंधरा सेंटिमीटर, लाकडी मूठ, ओल्या हातातून सुटू नये म्हणून तिच्यावर तिरके खाचे, म्यान काळ्या रंगाच्या पत्र्याचं, वर पट्ट्यात ओवायला चामड्याचा तुकडा, आणि त्याला कोटाच्या गुंडीत अडकवायचं भोक. शिंग गेलं, नक्षी गेली, जर्मन सिल्व्हर गेलं. निकर आणि ही सुरी शेजारी ठेवून पाहिली तर एकीच्या आकारात दुसरीचा आकार अजून दिसतो, पण तो दयाळू घाव कुठेच दिसत नाही. मला कारखान्याची सुरी निकरइतकी सुंदर वाटत नाही. ती प्रामाणिक मात्र आहे. ती काय करायला निघाली आहे हे ती लपवत नाही.

या दोन घावांतला फरक एका कादंबरीकाराने फार नेमका पकडला आहे. रेमार्कच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या 1929 साली पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीत शिपाई संगिनीला फारसं मोजत नाहीत, त्यांचा भरवसा धारदार फावड्यावर. करवती पाठीच्या संगिनीसकट जो शत्रूच्या हाती लागेल त्याचे हाल होतात, म्हणून अनुभवी लोक नवख्यांच्या संगिनी तपासून तशी संगीन बदलायला लावतात. आणि तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात लपलेल्या कथानायक पाउल बॉयमरच्या अंगावर जेव्हा एक फ्रेंच शिपाई येऊन पडतो, तेव्हा पाउलच्या हातात रायफल नसते, लहानशी कट्यार असते. तो भीतीने, न बघता, वार करतो. पुढची पानं वाचवत नाहीत. शिकाऱ्याचा एक घाव जो क्षणात काम संपवण्यासाठी होता, त्याच जातीच्या हत्याराने माणसाला मरायला तासन्‌तास लागतात, आणि मारणारा शेजारीच बसून असतो. मेलेल्याचं नाव तो सगळ्यात शेवटी वाचतो, त्याच्या खिशातल्या कागदांवरून: जेरार दुवाल, छापखान्यातला जुळारी. नाव वाचायला तो घाबरतो, कारण वाचलं की ते विसरता येणार नाही. रेमार्कने इथे तोफ किंवा मशीनगन निवडली असती तर हा प्रसंग उभाच राहिला नसता. हाताच्या लांबीएवढ्या अंतराचं हत्यार त्याला हवं होतं. खंदकी सुरीवर लिहिलेल्या सगळ्या तांत्रिक पुस्तकांपेक्षा ही काही पानं मला जास्त शिकवून गेली.

परत वस्तूकडे. शिपायाने बाळगली, हा दावा तपासायला लोक सर्वांत आधी मुकुटाचा ठसा शोधतात. कैसरच्या काळात सैन्याने तपासून स्वीकारलेल्या मालावर मुकुट आणि त्याखाली एक अक्षर असा बारीक ठसा मारत. संगिनींच्या पाठीवर मुकुट, राजाचं आद्याक्षर आणि सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. प्रशियाच्या मालावर विल्हेल्मचा डब्ल्यू, बव्हेरियाच्या मालावर लुडविगचा एल. कारखान्यातून आलेल्या खंदकी सुरीवर मुकुट दिसला तर ती सरकारने घेतली होती हे नक्की. निकरवर तो बहुधा नसतो, आणि नसण्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण खाजगी वस्तू सरकार कशाला तपासेल? उलट निकरवर ठळक मुकुट दिसला तर भिंग काढावं. प्रश्न एवढाच विचारावा की ठसा गंजाच्या आधीचा आहे की नंतरचा. खऱ्या जुन्या ठशाच्या कडाही पात्याबरोबर झिजतात, त्याच्या खोबणीत बाजूच्यासारखाच काळपट थर असतो. नंतर मारलेला ठसा त्या थराला फोडून आत शिरलेला असतो, आणि त्याच्या कडा अजून ताज्या.

आता नावाकडे यायला हरकत नाही. झोलिंगन हे ऱ्हाइनच्या पूर्वेला, वुप्पर नदीकाठचं गाव. इथल्या पाणवठ्यांवर घासकाम करणाऱ्यांच्या झोपड्या होत्या, नदीच्या पाण्यावर फिरणारी मोठी दगडी चाकं होती. त्यांतल्या काही आज संग्रहालय म्हणून टिकवल्या आहेत. पोलाद घडवणारा एक, ते पाणी देऊन कठीण करणारा दुसरा, घासणारा तिसरा, मूठ बसवणारा चौथा. कठीण करणाऱ्यांच्या आणि घासणाऱ्यांच्या संघाला 1401 सालीच सनद मिळालेली होती. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर अर्धवट झालेली पाती नेण्याचं काम बायका करत, डोक्यावरच्या टोपल्यांत. दगडी चाकाची धूळ घासणाऱ्यांच्या फुप्फुसांत जाई आणि ते लवकर मरत. म्हणजे पात्यावर जे एक नाव दिसतं ते बऱ्याचदा या साखळीच्या शेवटी उभ्या असलेल्या व्यापाऱ्याचं. ज्याने घडवलं, ज्याने घासलं, जिने डोक्यावर वाहिलं, त्यांचं नाव कुठेही नाही. घासणाऱ्याची खूण तेवढी उरते: पात्याच्या कडेकडेने उजेड तिरका पडला की अगदी बारीक, किंचित असमान रेषा दिसतात, आणि चांगल्या कारागिराच्या हातून गेलेल्या पात्यावर शंभर वर्षांच्या काळपटपणाखालूनही निळसर झाक येते. यंत्राने घासलेल्या पात्याच्या रेषा सरळ आणि एकसारख्या.

शिवाय या गावाला नावांच्या बाबतीत फार सोवळं ठेवायचा इतिहासही नाही. पासाऊ या गावच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असे आणि ती पाती नावाजलेली होती. झोलिंगनच्या लोहारांनी तोच लांडगा आपल्या पात्यांवर काढला. इटलीतल्या आंद्रेया फेरारा या कारागिराचं नाव चाललं, तर स्कॉटलंडला जाणाऱ्या पात्यांवर तेही कोरलं. अशी लांडग्याची आणि फेराराच्या नावाची पाती समुद्रमार्गे आपल्याकडेही आली, त्यांना इथल्या मुठी बसल्या आणि मराठ्यांच्या हातात त्या ‘फिरंगी’ झाल्या. महाराष्ट्रातल्या संग्रहालयांत फिरंगी तलवारी पाहताना मला नेहमी वाटतं की त्यांच्या पात्यांवरचे ठसे पाहून खूश झालेल्या आपल्या सरदारांना लांडगा कुठला हे कुणी सांगितलं असेल का. त्यातही आणखी वळण असं की युरोपातून आलेल्या काही खुणांची नक्कल पुढे इथल्या कारागिरांनीही केली. चांगल्या पात्याला खोटं नाव, आणि खोट्या नावाची पुढे नक्कल. हा व्यवहार थांबायला वेळ लागला. एकोणिसाव्या शतकात झोलिंगनचा माल ‘शेफिल्ड’ या नावाने विकला जातो अशी इंग्रजांनी तक्रार केली आणि 1887 च्या व्यापारचिन्ह कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचं नाव घालणं भाग पडलं. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द बदनामी म्हणून आले आणि काही वर्षांत त्यांचंच प्रमाणपत्र झालं. मग ‘झोलिंगन’ हे नाव इतर जण वापरू लागले, आणि 1938 मध्ये जर्मनीला त्या नावाच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. चोराच्या घरी चोरी झाली म्हणून पोलीस बोलावले गेले, असं म्हणता येईल. मला या गावाबद्दल यामुळे जास्तच आपुलकी वाटते.

त्यामुळे नाव खरं असलं तरी फक्त नावाने काळ ठरवू नये. छोटी अक्षरं त्या कामाला जास्त उपयोगी. ‘गेस. गेश.’ याचा अर्थ कायद्याने संरक्षित, एवढाच. त्यावरून साल कळत नाही. ‘डी.आर.जी.एम.’ ही नोंदणीची खूण 1891 च्या पुढची. ‘रॉस्टफ्राय’, म्हणजे न गंजणारं, असा शब्द असेल तर पहिल्या महायुद्धाची गोष्ट ऐकणं सोडून द्यावं: न गंजणाऱ्या पोलादाची पेटंटं 1912 ची, आणि ते सुऱ्यांत सर्रास आलं ते युद्धानंतर. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर सुरी 1949 नंतरची. तरीही तिला ‘आजोबांची व्हर्दँच्या लढाईतली सुरी’ म्हणणारे विक्रेते असतात. पात्यावर गोल खळगा दिसला तर ती कठीणपणा मोजल्याची खूण. पुमासारख्या कंपन्यांच्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुऱ्यांवर ती नेहमी आढळते. पात्यावर इंग्रजीत ‘जर्मनी’ असेल तर ती निर्यातीसाठी निघाली होती. बव्हेरियातल्या शिकाऱ्याला ती जर्मनीत बनली हे सांगायची गरज नव्हती. नाझी काळातल्या दिखाऊ शिकारी कट्यारींत मी शिरणार नाही. गोअरिंगच्या ‘राइखचा शिकारप्रमुख’ या पदाभोवती वाढलेला तो पसारा वेगळा आहे, आणि त्यात नकली माल इतका की नवख्याने दूरच राहावं.

हे सगळं झाल्यावर पात्याच्या धारेकडे पुन्हा बघावं. वर्षानुवर्षं धार लावलेली सुरी आजीच्या जुन्या विळीसारखी मध्ये कंबर काढते. जिथे जास्त वापर तिथे पातं जास्त खालावतं. चांगल्या जुन्या निकरची झीज बहुधा टोकाशी सापडत नाही, मुठीलगतच्या पोटाशी सापडते, जिथे पाव, सॉसेज, दोरी आणि कातडं कापतात. शिपायाजवळची सुरी मुख्यतः हेच करत होती: सरपणाच्या काटक्या, डबाबंद अन्न, पेन्सिलीची टोकं. माणसावर ती चालली असेल तर त्याने पात्याची झीज होत नाही, आणि गंजावरून रक्त ओळखल्याचा दावा करणाऱ्याला सरळ दाराकडे बोट दाखवावं. युद्ध चार वर्षांचं. एवढी कंबर यायला चार वर्षं पुरत नाहीत. म्हणजे अशा सुरीवरच्या झिजेचा बराच भाग 1914 च्या आधीचा किंवा 1918 नंतरचा आहे, जेव्हा शिपाई गावी परतून परत रानात जाऊ लागला, आणि त्याच्या मुलानेही ती वापरली.

युद्ध शोधायचं असलंच तर म्यानात शोधावं. निकरचं मूळ म्यान खिशात सरकवायचं होतं, त्याला पट्ट्यात ओवायची सोय नव्हती. सैन्याच्या लोकरी विजारीला मांडीवर सुरीचा खिसा नसतो, पट्टा असतो. ज्याने ती खंदकात नेली त्याला म्यानाच्या मागे चामड्याचा लूप शिवून घ्यावा लागला, कधी पलटणीतल्या चांभाराकडून, कधी स्वतःच्याच हाताने, जाड दोऱ्याने, घाईच्या टाक्यांनी. म्यानाची मूळ शिवण कारखान्याची, बारीक आणि सारख्या अंतराची. लूपची शिवण वेगळी. अशा दोन शिवणी एकाच म्यानावर सापडल्या तर, निदान माझ्यापुरता, दुसऱ्या दाव्याला काहीतरी आधार मिळाला. लूप युद्धानंतर कुणा शिकाऱ्यानेही शिवला असू शकतो, हा आक्षेप खरा आहे. त्याला उत्तर देणारी एकच गोष्ट म्हणजे टाक्यांच्या भोकांत अडकलेला मळ: मूळ शिवणीतल्या मळाइतका तो जुना आणि घट्ट आहे की मऊ आणि अलीकडचा. म्हणून पात्याला हवं तर तेलाचं एक बोट फिरवावं, पण अशी सुरी घरी आणली की म्यानाला चामड्याचं पॉलिश चोळून ते चकचकीत करायची हौस आवरावी.